संगमावरून सुटलेली पत्रं

१७८६ साली चार्ल्स मॅलेट कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला आणि पुढे मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. मॅलेटनंतर पामर, क्लोज आणि शेवटी एल्फिन्स्टन आला. माणसं बदलली, लिहिणं थांबलं नाही. दरबारात कोणाचं वजन वाढलं, कोणाच्या फौजेचा पगार थकला, हे सारं कलकत्त्याला गव्हर्नर जनरलकडे जात राहिलं.

या पत्रांचा साचा पाहण्यासारखा आहे. माथ्यावर ठिकाण, तारीख, महिना, साल. खाली मजकुराला कलमवार आकडे. उत्तर देणाराही त्या आकड्यांचाच हवाला देई. बाहेर पडणाऱ्या पत्राची नक्कल दप्तरी राही. विलायतेला जाणाऱ्या कागदांच्या तर दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. एक बुडालं तरी दुसरं पोचावं म्हणून.

आपल्याकडचं पत्र मोडीत. आधी लांबलचक मायना, मग मुद्द्याची गोष्ट. तारीख ‘छ’ लिहून मुसलमानी चांद्रमासाची, आणि साल पुष्कळदा नाहीच. वाचणाऱ्याला ते ठाऊक असे, मग लिहायचं कशाला? पण दीडशे वर्षांनी तेच पत्र हाती घेणाऱ्या संशोधकाला आतल्या संदर्भांवरून साल हुडकत बसावं लागलं. मजकूर सोन्यासारखा, पण ठेवायचा कोणत्या वर्षात?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी पेशव्यांच्या माणसांनी रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि कागद आगीत गेले. पण धाडलेली पत्रं केव्हाच ठिकाणी पोचली होती. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, तरी पत्रांतली हकीकत उरली. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६पासून ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’चे खंड निघू लागले; ते पंधरावर गेले.

उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला हे खंड टाळता येत नाहीत. अडचणही तिथेच आहे. १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना त्यासाठी दोषी धरलं ते एल्फिन्स्टनने, आणि आपण ते प्रकरण आजही बहुधा त्याच्याच पत्रांच्या क्रमाने वाचतो. फिर्यादीचं दप्तर चोख, म्हणून फिर्याद खरी असं होत नाही.

रेसिडेंटांची पत्रं जरूर वाचावीत. त्यांच्याइतकी सलग नोंद दुसरी नाही. मात्र शेजारी मोडीचा रुमालही, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठाही, सोडलेला असावा. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत.