तान्हुल्यांची वेदना

अपुऱ्या दिवसांचें मूल बोलूं शकत नाहीं. म्हणून त्यास दुखत नाहीं, असें नव्हे. तरीहि विसाव्या शतकांतील अनेक डॉक्टर तसेंच मानीत. १९८७ सालीं ऑक्सफर्ड येथें डॉ. कन्वलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं फेंटानिल हें वेदनाशामक दिल्यास अशा बालकांच्या शरीरावरील ताण कमी होतो व पुढील गुंतागुंतहि टळते.

आतां टाचेंतून रक्त घेण्यासारख्या लहान उपचारांतहि काळजी घेतात. सुई टोंचण्यापूर्वीं सुमारें दोन मिनिटें जिभेवर साखरपाण्याचे मोजके थेंब देतात. आईच्या उघड्या छातीशीं बाळास बिलगवितात, अथवा त्याचे हातपाय अलगद मुडपून धरतात. मात्र साखरपाणी हें तेथील औषध आहे. घरीं तें देऊं नये.

वाचकहो, ज्यास सांगतां येत नाहीं त्याचें दुःख ओळखणें, हीच खरी शुश्रूषा.