सहा लाखांचे पॅकेज, हातात किती?

ऑफर लेटरवर वर्षाला ६ लाख दिसले की आपण १२ ने भागून ५० हजारांची स्वप्नं रंगवतो. पण हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या खर्चाचा, पगाराचा नव्हे.

समजा, त्यातला निम्मा भाग बेसिक आहे, महिना २५ हजार. त्यावर १२ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, कंपनी तुमच्या भविष्य निर्वाह निधीत भरते, आणि बहुतेक कंपन्या ते सीटीसीतच धरतात. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के (सुमारे १,२००) तसेच. कायम नोकरीत ती मिळायला साधारण पाच वर्षे टिकावे लागते, तरी मिरवायला आजच! उरले सुमारे ४५,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापून बँकेत जमा होतात जेमतेम ४२,६००. कंपनीने आरोग्य विम्याचा हप्ता कापला तर आणखी कमी.

प्राप्तिकर? २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरता पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर तो शून्य. त्यामुळे इथे खरी कात्री कराची नाही, पीएफची. आणि ते पैसे तुमचेच आहेत.

महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. बाकीच्यांनी फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले म्हणून एचआरला फोन करू नये: वर्षाचे २,५०० पुरे करण्यासाठी त्या महिन्यात २०० ऐवजी ३०० कापतात.