मॉलला चिमणी कशाला?

महिनाअखेरीला खिसा रिकामा असला तरी एसीची हवा खायला लोअर परळच्या फिनिक्सला जाणारी मंडळी आपल्या हॉस्टेलवर कमी नाहीत. मीही त्यातलाच. पण तिथला नकाशा मला सुरुवातीपासून चक्रावून टाकायचा. मॉल म्हटला की एक मोठ्ठा डबा, मध्ये सरकते जिने आणि चारी बाजूंनी दुकानं. इथे सेनापती बापट मार्गावरून आत शिरलात की उघडं अंगण लागतं, भोवती निरनिराळ्या उंचीच्या, निरनिराळ्या वयाच्या इमारती, आणि या सगळ्या झगमगाटात उभी एक चिमणी.

कारण उघड आहे. ही मुळात १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची जागा. सुती कापडाची गिरणी. आणि गिरणी म्हणजे एक इमारत नसायचीच, उंच भिंतीच्या आत वसवलेलं एक गावच असायचं.

त्या काळच्या गिरण्या वाफेवर चालत. बॉयलरखालच्या आगीला लागणारी हवा ओढायचं काम चिमणीचं. आतला वायू गरम म्हणून हलका, बाहेरची हवा जड. चिमणी जितकी उंच तितका दोन्हींच्या दाबातला फरक जास्त आणि ओढा जोरदार. (थर्मलच्या पेपरात हे हमखास येतं, लिहून घ्या!) इंजिनाची ताकद दोर आणि लांबलचक शाफ्टवरून खात्याखात्यात जायची, म्हणून खाती इंजिनघराला धरून बांधावी लागत. विणाईच्या शेडवर सहसा करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काचा उत्तरेकडे. दिवसभर उजेड, पण ऊन थेट आत नाही. गाठी उतरवायला, माल न्यायला मोकळं आवार तर हवंच. १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि चिमण्यांचं काम हळूहळू संपत गेलं.

कामगारांचं काम संपलं ते नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कोणी कधी जाहीर केलंच नाही. माझ्या रूम पार्टनरचे आजोबा दुसऱ्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संपानंतर ते कोकणात गावी गेले ते तिथेच राहिले. एकदा नातवाबरोबर फिनिक्समध्ये आले, तर दुकानांकडे ढुंकून बघितलं नाही. "भोंगा कुठे होता रे इथला?" एवढंच विचारलं. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

फिनिक्सचा मॉल एका दमात झाला नाही, म्हणूनच तो असा गोधडीसारखा जोडजोडून केलेला वाटतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी बोलिंग आलं, मग दुकानं, बिग बझार. २००९ च्या सुमारास पॅलेडियमची चकचकीत इमारत आली. आता अख्ख्या आवारालाच फिनिक्स पॅलेडियम म्हणतात.

आता खरी गंमत, म्हणजे गणित. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदान-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. ज्यावर आधीच बांधकाम उभं आहे ती जमीन हिशोबातून बाहेर. आणि गिरणीत मोकळं असतं किती? वर सांगितलं तसं, खाती एकमेकांना चिकटलेली. सगळी मेख इथे आहे. हायकोर्टाने २००५ मध्ये हा बदल मान्य केला नाही, पण २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात तो टिकला. कायद्याने बरोबर असेल, पण भाजक न बदलता भाज्यच लहान केला की उत्तर काय येणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. गिरणी कामगारांसाठी २०१२ मध्ये मोठी सोडत निघाली तेव्हा घरं होती सात हजारांच्या आत आणि अर्ज लाखाच्या वर.