डाग जातो, फरशीही जाते!

दिवाळीच्या साफसफाईत कपाट जागचे हलले, की त्यामागच्या फरशीवर हटकून एखादा शाईचा डाग निघतो. दौत कधी सांडली, कोणी सांडली, याचा तपास कोणत्याही घरात आजवर लागलेला नाही. आरोपी एव्हाना पुण्याला नोकरीस लागलेला असतो! मग सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणलेली लिंबे कापली जातात, न्हाणीघरातली अ‍ॅसिडची बाटली बाहेर येते आणि घरची कर्ती बाई पदर खोचून बसते. गृहिणींनो, नेमके इथेच थांबा. शाईने इतक्या वर्षांत फरशीचे जेवढे बिघडवले नसेल, तेवढे ती बाटली पाच मिनिटांत बिघडवील.

शहाबादी, कडाप्पा, कोटा या आपल्या घरांतल्या फरश्या म्हणजे चुनखडीचा दगड. संगमरवर त्यांच्याच गोत्रातला आणि मोझेकच्या टाइलमध्ये बहुधा संगमरवराचेच खडे सिमेंटात बसवलेले. आम्ल पडले, की हा दगड फसफसतो, झिजतो. डाग जातो खरा. पण त्या जागी खरखरीत, निस्तेज चट्टा उरतो. तो कोणत्याही साबणाने निघत नाही, पॉलिशचे यंत्रच लावावे लागते. आपली फरशी कोणत्या जातीची हे ठाऊक नसेल, तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर तेवढी जागा फिकी दिसली, तर उरलेले लिंबू सरबतासाठी ठेवून द्यावे.

दगडाची जात कळली, आता शाईची. जुनी मोडी दप्तरे काजळ आणि डिंक खलून केलेल्या शाईने लिहिलेली. दुसरी शाई हिरडा आणि हिराकस यांची. सक्करदरा चौकातल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात हिरडा शिकवतात तो पोटासाठी; पण त्याच हिरड्याचा तुरटपणा हिराकशीतल्या लोखंडाशी जमला, की काळीभोर शाई होते! जुन्या पद्धतीची निळी-काळी शाई याच कुळातली, लिहिताना निळी आणि दिवसागणिक काळी पडत जाणारी. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या आणि पुढे त्यांची ‘कॅमल’ शाई घरोघरच्या दप्तरांत पोचली. दौतीतून सांडणारी शाळकरी निळी शाई बहुधा पाण्यात विरघळणारा नुसता रंग असते. तिचे सांडणे ताजे असेल, तर पुसू नका. पुसल्याने वीतभर डागाचा हातभर होतो. जुन्या धोतराचा तुकडा वरून अलगद दाबून शाई टिपून घ्यावी, मग गार पाणी आणि साबण.

दगडात मुरलेल्या जुन्या डागासाठी मात्र धीर हवा. खाण्याचा सोडा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून घट्ट लेप करावा, डागावर बोटभर जाड थापावा, वर प्लास्टिक झाकून एक दिवस तसाच ठेवावा. नंतर प्लास्टिक काढून लेप पुरता वाळू द्यावा. वाळता वाळता तो दगडातला रंग वर ओढून घेतो. एका लेपाने भागत नाही. दोन-तीनदा करावे लागते. काळ्या कडाप्प्यावर आधी कोपऱ्यात करून पाहावे, कारण काळा रंग उतरण्याची भीती असते. काजळाच्या शाईला हा उपाय लागू पडत नाही. काजळ रंगासारखे उडत नाही, ते घासूनच काढावे लागते.

बॉलपेनची शाई तेलकट, पाण्याला दाद न देणारी. सनमायका, काच, चकचकीत टाइल यांवर स्पिरिटचा किंवा सॅनिटायझरचा बोळा फिरवला, की ती सुटते. पक्क्या मार्करलाही हाच उतारा. पण हाच बोळा लाकडी टेबलावर नेला, की अनर्थ! जुन्या सागवानी टेबलाचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. ज्यात ती विरघळली होती, त्यातच ती पुन्हा विरघळणार. अशा टेबलावर ओलसर फडके आणि जरासा साबण एवढेच करावे. उरलेले पॉलिशवाल्यावर सोपवावे. फ्रिजच्या किंवा बटनांच्या प्लास्टिकवर नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लास्टिकच वितळते.

स्पिरिट हाताशी असताना आसपास पणती, उदबत्ती, शेगडी असू नये. दिवाळीत हे विसरायला वेळ लागत नाही.

आणि त्याहून मोठा धोका न्हाणीघरातल्या त्या बाटलीचा. अ‍ॅसिडने डाग गेला नाही म्हणून वर ब्लीच ओतणाऱ्या बायका थोड्या नाहीत. दोन्ही एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच. बंद न्हाणीघरात तो घशाला आणि छातीला झोंबतो आणि जिवावरही बेतू शकतो. चुकून असे घडले, तर डाग सोडून आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. खोकला किंवा दम थांबेना, तर तडक दवाखाना गाठावा.

एक शाई मात्र आपल्या हातची नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागत आलेली म्हैसूरची शाई. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, आणि उजेडात ते काळे पडते. शाळेतल्या मतदान केंद्राच्या टेबलावर तिचा थेंब सांडला, तर शिपायाने उगीच घाम गाळू नये.

राहिली भिंत. ऑइलपेंटवर स्पिरिटचा हलका बोळा चालतो. डिस्टेंपरवरची नातवाची बॉलपेनची चित्रे मात्र पुसताना भिंतीचा रंगच निघतो. त्यावर नुसता नवा डिस्टेंपर मारला, तर महिन्याभरात तीच चित्रे पुन्हा वर डोकावतात. म्हणून रंगाऱ्याला आधी तेवढ्या जागेवर लाखेचा एक हात द्यायला सांगावे. किंवा ती चित्रे पुढल्या दिवाळीपर्यंत तशीच असू द्यावीत.