गाडीची देखभाल : घरचे काम किती, मिस्त्रीचे किती?

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही जा. आज मध्यम उत्पन्नाच्या घरांसमोरही जुनी का होईना, एक चारचाकी उभी दिसते. कोणी कर्ज काढून घेतलेली असते, कोणी सेकंडहँड. लग्नकार्याला किंवा ईदला नातलगांकडे जाण्यापुरतेच तिचे काम नसते. रात्री घरातले माणूस अचानक आजारी पडले की सुमारे साठ किलोमीटरवरचे नागपूर गाठायला पुष्कळदा हीच गाडी काढावी लागते. अशा वेळी महामार्गावर गाडी बंद पडली तर तो प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून वाचकहो, गाडीची नेहमीची देखभाल घरच्या घरी किती करता येते आणि कुठे थांबायचे, हे नीट समजून घेऊ या.

ट्यून-अप म्हणजे काय?

अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती 800 या गाड्यांना कार्बोरेटर असे. पॉइंटमधील फट, टायमिंग, हवा-पेट्रोलचे प्रमाण हे सारे मिस्त्री कानाने आवाज ऐकून जुळवत. ट्यूनिंग म्हणत ते यालाच. 2000 नंतर हळूहळू सर्वच पेट्रोल गाड्यांत इंजेक्शनची पद्धत आली. आता पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्यामुळे हल्लीच्या गाडीत पेचकस घेऊन फिरवण्यासारखे फारसे उरलेले नाही. आजचे ट्यून-अप म्हणजे मुख्यतः एअर फिल्टर, स्पार्क प्लग, थ्रॉटलची सफाई आणि वेळेवर ऑइल. यातले बरेचसे काम घरी होण्यासारखे आहे.

पंधरा दिवसांतून पंधरा मिनिटे

सकाळी इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी उभी करा. ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर थोडे थोडे घालून पुन्हा पाहा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईटच.

मग कूलंटची टाकी पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा इंजिनचा सारा भार कूलंटवर असतो. त्यात बोअरचे पाणी घालू नका. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिश्रणच वापरा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण उघडण्यासारखेच ते आहे. उकळते पाणी तोंडावर येते.

टायरमधील हवा गाडी फार चालण्याआधी, टायर थंड असताना तपासा. किती हवा हवी, ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेले असते. टायरच्या खाचांची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायचाच. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की ही मर्यादा गाठली, असे समजावे. डिकीतला स्टेपनी टायरही पाहा. गरज पडते तेव्हा नेमका तोच बसलेला असतो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने साफ करा. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना तीच शेवटी लावा.

वर्षातून एक-दोनदा

आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत आणि राइस मिलच्या परिसरात हवेत धूळ आणि कोंडा असतो. एअर फिल्टर लवकर तुंबतो, मग गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून तो बाहेर काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. हलकेच आपटून धूळ झाडा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. फारच काळा झाला असेल तर बदला. याच दिवसांत उंदीर बोनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात. तेव्हा आत एक नजर टाकत जा.

स्पार्क प्लग पेट्रोल गाडीतच असतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. प्लगच्या टोकाचा रंग फिका तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे. टोक ऑइलने ओले असेल तर मिस्त्रीला दाखवा. नवा प्लग आधी बोटांनी फिरवून बसवा, पाना नंतर लावा. आटे आडवे बसले तर इंजिनचे हेड खराब होते, आणि तो खर्च मोठा असतो.

इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचे आणि कोणत्या ग्रेडचे घालायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. ऑइलबरोबर त्याचा फिल्टरही बदला. काढलेले ऑइल मात्र नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. नालीतले पाणी शेवटी वैनगंगेलाच मिळते. डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला द्या. तेथून ते पुढे नोंदणीकृत खरेदीदाराकडे जायला हवे, एवढेही त्यांना विचारा.

येथे हात लावू नका

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि सीएनजी किट ही घरच्या प्रयोगाची जागा नाही. ब्रेक ऑइलची पातळी टाकीवर बघा. ती उतरत असेल तर गाडी थेट मिस्त्रीकडे न्या. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम लोखंडी स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे हवेतच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस दगावतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करून नोंद घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरातल्या वस्त्यांत शिरला होता. गाडी अशा पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर चालू होते का म्हणून चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. जमल्यास बॅटरीची वायर काढा आणि गाडी ओढून न्या.

मिस्त्रीचे काय?

काही जण म्हणतील, घरीच सारे केले तर गॅरेजवाल्याने खायचे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजात कितीतरी घरे याच हुनरावर चालतात. उस्तादाच्या हाताखाली शागिर्द म्हणून राहून ही मुले काम शिकली आहेत. पण फिल्टर झाडणे आणि हवा तपासणे यावर कोणत्याही चांगल्या मिस्त्रीचे पोट चालत नाही. त्याची खरी किंमत आहे ती ब्रेक, क्लच आणि इंजिन उघडण्याच्या कसबात. त्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. आणि गाडीची थोडी जाण असलेला गिऱ्हाईक प्रामाणिक मिस्त्रीला जड वाटत नाही. कधी, किती किलोमीटरला काय बदलले, याची एक वही गाडीतच ठेवा. ती पाहून त्यालाही दोष लवकर सापडतो.

आमच्या लाखनी तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडचा मोठा कारखाना आहे. ट्रकचे भाग जिथे तयार होतात, त्याच परिसरातल्या कितीतरी घरांत बोनेट कसे उघडतात हे एकाच माणसाला ठाऊक असते, बहुधा वडिलांना किंवा थोरल्या भावाला. तो बाहेरगावी असला की सारे घर अडते. म्हणून हे काम मुलांइतकेच मुलींना आणि त्यांच्या आईलाही दाखवा. पट्टी पाहणे, कूलंट पाहणे, स्टेपनी बदलणे, डॅशबोर्डवरचा ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, एवढे चार धडे पुरेत. येत्या सुटीच्या सकाळी घरातल्या सगळ्यांना गाडीभोवती बोलवा आणि पहिला धडा सुरू करा.