फणीतले गुंतवळ

मैत्रिणींनो, केस विंचरून झाले, फणीतले गुंतवळ काढून बोटाभोवती गुंडाळले, की मनात चर्र होते ना? हळदीकुंकवाला जमलेल्या बायका असोत की शाळेतल्या शिक्षिकांची खोली, विषय तिथेच येतो. "फार जातात हो केस आजकाल!" आणि त्यापाठोपाठ ठरलेला प्रश्न, "तुम्ही तेल कोणतं लावता?"

तेलाचे मी सांगणारच आहे. पण आधी ते गुंतवळ नीट बघू या. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळणे हे अगदी नेमाचे आहे. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या बाईच्या हातात न्हाण्याच्या दिवशी मोठा पुंजका येतो, तो तीन-चार दिवसांचा साठलेला असतो. एकेक केस काही वर्षे वाढतो, महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर. मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग गळतो. हे 'बसून राहणे' लक्षात ठेवा, कारण आज जे केस गळताहेत त्याचे कारण आज नसते, ते दोन-तीन महिन्यांमागे असते.

म्हणून तर टायफॉइड किंवा डेंग्यू होऊन गेला, माणूस चांगले हिंडूफिरू लागले, की मग मूठमूठ केस जायला लागतात. २०२०-२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या कितीतरी जणींनी हा अनुभव घेतला. बाळंतपणाचेही तेच. बाळ आईला ओळखायला लागले की आईचे केस गळतात, असे आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणतात. बाळ हसायला लागते ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि केस गळायची वेळही नेमकी तीच! बिचाऱ्या बाळाचा त्यात काही दोष नाही. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते सगळे आता एकदम रजा घेतात. बहुतेकींचे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. त्यासाठी महागडी बाटली आणायची गरज नसते, आणि आणली तर केस आपोआप थांबल्याचे श्रेय त्या बाटलीला जाते!

आता जरा गंभीर बोलते. आमच्या इमारतीत एक वहिनी आहेत. वेणी कमरेखाली जायची. दीड वर्षात त्या वेणीचे उंदराचे शेपूट झाले. त्यांनी कांद्याचा रस लावला, माक्याचे तेल लावले, टीव्हीवर दिसणारी दोन तेले आणून झाली. शेवटी जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरकडे गेल्या, तर हिमोग्लोबिन ८ निघाले. निरोगी बाईचे ते १२ च्या वर हवे. खोदून विचारल्यावर कळले, की दोन वर्षे पाळीत अंगावरून अतोनात जात होते. "त्यात काय सांगायचं," म्हणून घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. केस मात्र दीड वर्ष सगळ्यांना दाखवत होत्या! त्यांच्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा-आठ महिन्यांनी कपाळाजवळ आखूड नवे केस दिसू लागले.

आपण बायका केसांबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल बोलायला लाज वाटत नाही. पण केस हे कित्येकदा आतल्या दुखण्याचे निरोपे असतात. रक्त कमी असणे, थायरॉइडचे बिनसणे, पोटात प्रथिने न जाणे या गोष्टी डोक्यावर दिसतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस चार-पाच दिवसांत झडून टक्कल पडू लागले, हे तुम्ही वाचले असेल. आधी संशय शांपूवर आणि पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे. म्हणजे पुन्हा पोटातच! तेव्हा तीन महिन्यांहून जास्त केस गळत असतील, भांग रुंदावत असेल, किंवा चाई पडल्यासारखा गोल गुळगुळीत ठिपका दिसत असेल, तर तेलाच्या दुकानाआधी दवाखाना गाठा. रक्त तपासून घ्या. आणि जेवताना सगळ्यांना वाढून उरलेली आमटी आपल्याला, हा हिशेबही एकदा तपासा.

एवढे झाले की मग न्हाण्याचा विचार.

डोक्यावरचा केस हा तसा निर्जीव. नखासारखाच. त्याला 'खाऊ घालता' येत नाही. जिवंत असते ते मूळ, आणि त्याला पोसते रक्त. आपल्या हाती आहे ते इतकेच, की जो केस बाहेर आला आहे तो तुटू नये, राठ होऊ नये, आणि डोके स्वच्छ राहावे. वनस्पतींकडून ही अपेक्षा ठेवली तर त्या निराश करत नाहीत.

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य असते, मळ त्यानेच निघतो. शिवाय शिकेकाई किंचित आंबट, म्हणून केस मऊ राहतात. साबण बोअरच्या जड पाण्यात फुटल्यासारखा होतो आणि केसांवर त्याचा चिकट पांढरट थर बसतो. शिकेकाईचे तसे होत नाही. ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आहे त्यांनी हा फरक जरूर करून पाहावा. अंगाचा साबण डोक्याला लावू नका, आणि कपड्यांचा सोडा तर मुळीच नको.

माझे प्रमाण असे आहे. अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो आवळकाठी, पाव किलो रिठा (बिया फोडून काढलेला, नुसती साल), शंभर ग्रॅम नागरमोथा, शंभर ग्रॅम कपूरकाचरी आणि मूठभर मेथी. वासासाठी संत्र्याची वाळलेली साल, गव्हला कचोरा, वाळा, जे मिळेल ते. केस मुळात कोरडे असतील तर रिठा निम्मा करा, तो केस फार सुकवतो. सगळे दोन-तीन कडक उन्हे दाखवून दळून आणायचे. शिकेकाई दळणारी चक्की वेगळी असते, पिठाच्या गिरणीत ती कुणी घेणार नाही. दळताना जवळ उभे राहू नका, शिंका आवरत नाहीत!

न्हायच्या आदल्या रात्री दोन मोठे चमचे पूड दोन तांबे पाण्यात भिजवावी, सकाळी एक उकळी आणावी, कोमट झाल्यावर पातळ फडक्यातून गाळावी. गाळण्याचा कंटाळा करू नका. कोरडी पूड थेट डोक्याला चोळली तर कण केसांत अडकतात, केसांवर घासले जातात आणि दिवसभर खांद्यावर भुसा पडत राहतो. डोळे मिटून घ्या, रिठा डोळ्यांत गेला की जीव नकोसा होतो. लहान मुलांसाठी तर रिठा वगळाच.

आता खरे सांगू? मी स्वतः शाळेच्या दिवसांत सकाळी सातला घर सोडते. तेव्हा शिकेकाई उकळत बसायला मला वेळ नसतो, मी सौम्य शांपू पाण्यात पातळ करून वापरते आणि शिकेकाई रविवारी. शांपू म्हणजे विष, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. मात्र बाटलीवर हिरवे पान छापले आणि नावात 'हर्बल' आले, म्हणजे आत वनस्पतीच आहेत असे समजू नये. मागची बारीक अक्षरे वाचा.

तेलाचे म्हणाल, तर आपले खोबरेलच. २००३ साली मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. केसातले प्रथिन धुपून जाण्याचे प्रमाण कमी केले ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरते, बाकीची वरवर राहतात. (हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, तेही सांगून टाकते. पण आपल्या आज्यांचा अनुभव काही वेगळा नव्हता.) न्हाण्याआधी तास-दोन तास, किंवा आदल्या रात्री, केसांच्या टोकांपर्यंत तेल लावावे. दोन चमचे पुरे. चपचपीत थापले तर ते काढायला तेवढीच शिकेकाई जास्त घासावी लागते.

डोक्यात कोंडा असेल तर मात्र मुळांशी तेल जिरवणे थांबवा. कोंड्यामागे बहुधा डोक्यावर राहणारी एक बुरशी असते आणि तेल हे तिचे खाणे! 'कोंडा झालाय, तेल घाल' हा घरोघरचा सल्ला इथे उलटा पडतो. औषधी शांपू डॉक्टर सांगतील.

जास्वंद, माका, ब्राह्मी, कढीपत्ता घालून तेल घरी करायचे असेल तर पाला धुऊन पूर्ण कोरडा करा. अर्धा लिटर तेलात दोन मुठी पाला, आच अगदी मंद. तडतड थांबली, म्हणजे पाण्याचा अंश गेला, की उतरवा. पाणी राहिले तर आठ दिवसांत तेलाला वास येतो. माक्याने नवे केस उगवतात किंवा पांढऱ्याचे काळे होतात, यावर मात्र मी विसंबणार नाही. तेलाला सुगंध येतो, चोळताना डोके शांत होते, एवढे खरे.

जास्वंदीची पाने मात्र मला फार आवडतात. सात-आठ पाने आणि दोन फुले पाण्यात कुस्करली की बुळबुळीत लगदा होतो. तो न्हाण्याआधी केसांना लावला तर गुंता असा सुटतो की मोठ्या दातांचा कंगवा सरसर फिरतो. भिजवून वाटलेली मेथीही तेच काम करते, फक्त तिचा वास दोन दिवस सोबतीला राहतो.

मेंदीबद्दल एक सावधगिरी. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो. ती लोखंडी कढईत भिजवली, आवळा घातला, तर लगदा काळा होतो आणि केसांचा रंग थोडा गडद येतो, इतकेच. जी पुडी अर्ध्या तासात केस काळेभोर करते ती नुसती मेंदी नव्हे. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते, आणि त्याने काहींच्या डोक्याला खाज सुटते, पापण्या सुजून डोळे मिटतात. आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबा. काळाच रंग हवा तर मेंदीनंतर नीळीच्या पाल्याची पूड लावतात. कपड्यांची नीळ नव्हे हं!

न्हाऊन झाल्यावर केस पंचाने झटकायची आपली जुनी सवय सोडा. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. जुन्या मऊ सुती कापडात टिपून घ्या, सुकू द्या, मग टोकांकडून वर विंचरत या. ओल्या केसांचा अंबाडा घालून कामाला लागणे सोयीचे वाटते, पण आत ओल कोंडून कुबट वास येतो आणि ओढही बसते.

वेणीइतके केसांना सांभाळणारे दुसरे काही नाही. स्कूटरवरून बाजारात जाताना मोकळ्या केसांचा जो गुंता होतो, तो सोडवताना तुटणारे केस 'गळती'त मोजू नका. सैल तिपेडी घाला, वरून रुमाल बांधा. रात्री तर वेणी हवीच, आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा टाकून बघा, घर्षण कमी होते.

पण सैल या शब्दावर जोर आहे. माझ्या वर्गात काही मुली येतात, दोन वेण्या इतक्या करकचून बांधलेल्या की भुवया वर ओढल्या जातात. त्यांच्या कपाळाजवळचे केस विरळ झालेले मला दिसतात. आयांना वाटते, घट्ट वेणीने केस वाढतात. वाढत तर नाहीतच, उलट रोजच्या ओढीने मूळ सैल होते. वेळीच सैल केले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे ओढ राहिली तर मूळच मरते. आमच्या मागच्या पिढीतल्या किती बायकांचा भांग दोन बोटे रुंद होता, आठवा. तो रोजच्या एकाच जागच्या भांगाचा आणि घट्ट अंबाड्याचा प्रताप असायचा. भांगाची जागा अधूनमधून बदला. लग्नकार्यात खोपा, गंगावन, वर दोन हात लांब गजरा जरूर मिरवा, पण घरी आल्या आल्या उतरवून ठेवा. मुलीची वेणी घालताना तिला विचारा, "दुखतंय का?" दुखतंय म्हणाली तर सोडून पुन्हा घाला.

आणि शिकेकाईचे दळण एप्रिल-मे मध्येच उरकून घ्या. आवळकाठी एकदा पावसाळी हवेने सादळली की नीट दळली जात नाही, आणि पुडीला जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या चमच्यानेच काढली तर वर्षभर टिकते.