मशीनआधी टाकी बघा

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात वॉशिंग मशीन घेताना पहिला विचार पाण्याचा करावा. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, आणि वर्षानुवर्षं दोन पाळ्यांमध्ये काही दिवसांचं अंतर राहत आलं आहे. अशा घरांसाठी आमचं झुकतं माप फ्रंट लोडला. सात किलोच्या मशीनला एका धुण्याला साधारण ५० ते ६० लिटर पाणी पुरतं. पूर्ण स्वयंचलित टॉप लोडला बहुधा त्याच्या दुप्पट लागतं. कारण साधं आहे: आडव्या ड्रममध्ये कपडे थोड्या पाण्यात वरून खाली आपटतात, उभ्या ड्रममध्ये ते बुडवावे लागतात.

अडचण दाबाची. अनेक फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ बार दाब हवा, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा सुमारे तीन मीटर उंच. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर तेवढा दाब मिळेलच असं नाही; तिथे प्रेशर पंपाचा खर्च धरा. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षार बसतात, म्हणून डिस्केलिंग पावडर अधूनमधून वापराच.

बादलीनं पाणी भरावं लागणाऱ्या घरात मात्र सेमी-ऑटोमॅटिकच घ्या. साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्यालाही वापरता येतं.